फ्लॉरेन्स मुलगा की मुलगी? आयरिश नावांच्या क्रमावरून पूर्वज शोधताना

खडकीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही धागा लागेल. त्यांच्या पणजीचे वडील डॅनियल हे आयरिश. ब्रिटिश तोफखान्यातून मुंबई इलाख्यात आले आणि खडकीतच राहिले. बायको होनोरा. घरातल्या जुन्या प्रार्थनापुस्तकात लग्नाचं साल १८६७ आणि मुलांचे बाप्तिस्मे लिहिलेत: जॉन १८७१, मार्गारेट १८७३, फ्लॉरेन्स १८७६, डॅनियल १८७९ आणि एलन, म्हणजे पणजी, १८८१. आयर्लंडमध्ये थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवतात, असं ताईंच्या वाचनात आलं. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्क आणि केरी हे दोन शेजारी परगणे आहेत. त्यातल्या वेस्ट कॉर्कच्या नोंदींत त्यांना त्याच आडनावाचे, १८४०च्या दशकात जन्मलेले दोन डॅनियल सापडले. एकाचे आईवडील जॉन आणि एलन, दुसऱ्याचे टिमथी आणि मार्गारेट. आपला थोरला जॉन, म्हणून पहिला डॅनियल आपला, असं धरून त्यांनी वंशावळ १७९०पर्यंत नेली आहे. एवढा पुरावा पुरेसा आहे का, असं त्या विचारतात.

ताई, पुरेसा नाही. पण निराश होऊ नका. तुम्ही दिलेल्या पाच नावांत जॉनपेक्षा कितीतरी मोलाचं एक नाव आहे आणि ते तुम्ही मुलींच्या रांगेत बसवलंय. त्याकडे येतेच. आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. कॉर्क-केरीत त्या आडनावाची माणसं पावलोपावली भेटतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आधी नियम सांगते. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा खुद्द वडिलांच्या, चौथा थोरल्या काकाच्या नावाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या, तिसरी आईच्या आणि चौथी थोरल्या मावशीच्या नावाची. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत, शेतकरी-कष्टकरी कुटुंबांत, हा क्रम बऱ्यापैकी पाळलेला दिसतो. कायदा नव्हता, कुणी लिहून दिला नव्हता. आजोबांचं नाव नातवाला ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव झालाच की. आयरिश पद्धतीचा विशेष एवढाच, की आईकडच्या आजी-आजोबांचीही पाळी ठरलेली असते. म्हणून आईच्या माहेरचा माग काढायला ती जास्त उपयोगी पडते.

नावांवर एवढं विसंबायची पाळी का येते, तेही सांगायला हवं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत चार पिढ्या एका पानावर सापडू शकतात. आयर्लंडमध्ये १९२२ साली यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळला. त्यात १८२१ ते १८५१ च्या चारही जनगणना, काही तुकडे सोडले तर, खाक झाल्या. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. पूर्ण उरलेली पहिली जनगणना १९०१ ची. जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद १८६४ पासून. त्याआधीचं जे काही, ते मुख्यतः चर्चच्या रजिस्टरांत. कॅथलिक रजिस्टरं गावोगावच्या चर्चमध्येच होती म्हणून वाचली. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रं २०१५ पासून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. पण कॉर्कच्या ग्रामीण भागातली बहुतेक रजिस्टरं सुरूच होतात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. तेव्हा एका गरीब कॅथलिक शिपायाचं घराणं १७९०पर्यंत गेलेलं दिसलं, की मला आनंदापेक्षा शंका जास्त येते. राग मानू नका.

आता तुमच्या कुटुंबाकडे वळू. मी कुठल्याही कुटुंबाला हात घातला की सगळ्यात आधी मुलांची यादी खरोखर पूर्ण आहे का ते बघते. नियम क्रमाचा आहे. मधलं एक मूल निसटलं की पुढची सगळी गणती सरकते. तुमच्या यादीत लग्न १८६७ चं आणि पहिलं मूल १८७१ चं. त्या काळातल्या आयरिश जोडप्याला चार वर्षं मूल नाही, हे होऊ शकतं, पण मी तरी त्या चार वर्षांत एक-दोन बाळं शोधल्याशिवाय पुढे जात नाही. छावणीतली बालमृत्यूंची अवस्था फार वाईट होती. बाप्तिस्मा एका छावणीत, दफन दुसऱ्या, आणि प्रार्थनापुस्तकात जगलेल्यांचीच नावं, असं नेहमी दिसतं. म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीइतकीच दफनाची वही वाचा. आणि नुसती खडकीची नको. तोफखान्याच्या बॅटऱ्या, म्हणजे तुकड्या, फिरत असत; जॉनच्या आधीचं मूल देवळालीत, कराचीत किंवा थेट इंग्लंडमध्येही जन्मलेलं असू शकतं.

यात एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. मूल वारलं तर तेच नाव पुढच्या मुलाला पुन्हा ठेवत. आजोबांचं नाव चालू राहिलं पाहिजे, ही त्यामागची भावना. समजा तुमचा डॅनियल टिमथीचा मुलगा होता आणि त्याचा पहिला मुलगा टिमथी १८६९ मध्ये वारला. मग १८७१ चं बाळ टिमथी व्हायला हवं होतं, निदान नंतरचा एखादा तरी. तुमच्या यादीत टिमथी कुठेच नाही. हा टिमथीच्या विरोधातला पुरावा आहे. फार भक्कम नव्हे, पण ‘थोरला जॉन’ यापेक्षा मला तो बरा वाटतो. कारण जॉन हे नाव कुठल्याही कारणाने येतं. वडिलांचे वडील जॉन, आईचे वडील जॉन, गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, जॉन, मोठा भाऊ जॉन! कॉर्कच्या एखाद्या पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचं, रजिस्टर उघडा: जॉन, पॅट्रिक, मायकल, डॅनियल, टिमथी, डेनिस, जेरेमाया, कॉर्नेलियस, आणि बायकांत मेरी, मार्गारेट, एलन, कॅथरीन, होनोरा, जोहाना, ब्रिजेट. पंधरा नावांत अख्खं गाव आटपतं. सामान्य नाव जुळलं तर त्याने फारसं सिद्ध होत नाही. दुर्मिळ नाव जुळलं, की मी खुर्ची पुढे ओढून बसते.

तुमच्याकडचं दुर्मिळ नाव म्हणजे फ्लॉरेन्स.

कॉर्क आणि केरीत फ्लॉरेन्स हे पुरुषाचं नाव आहे. मूळ आयरिश नाव फिनीन. इंग्रजी-लॅटिन कागदांत त्याला जवळचं म्हणून फ्लॉरेन्स लिहायला लागले आणि ते रुजलं. लंडनच्या टॉवरमध्ये वर्षानुवर्षं कैदेत असलेला सोळाव्या-सतराव्या शतकातला सरदार फ्लॉरेन्स मॅकार्थी हा त्यातला प्रसिद्ध. गावात त्याचं लाडकं रूप फ्लॉर किंवा फ्लरी. तिथल्या मोजक्याच घराण्यांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि तुमचं आडनाव त्यातलं एक आहे.

आता दोन्ही शक्यता मांडून बघा. फ्लॉरेन्स मुलगा असेल तर मुलगे जॉन, फ्लॉरेन्स, डॅनियल. म्हणजे डॅनियलचे वडील जॉन, होनोराचे वडील फ्लॉरेन्स, आणि तिसऱ्याला बापाचंच नाव डॅनियल. मुली मार्गारेट आणि एलन. म्हणजे होनोराची आई मार्गारेट, डॅनियलची आई एलन. तुमच्या पहिल्या उमेदवाराचे आईवडील जॉन आणि एलनच आहेत. एक जॉन जुळणं वेगळं. इथे आजोबा, आजी आणि तिसऱ्या मुलाला बापाचं नाव, अशी तीन ठिकाणं एकदम जुळतात. शिवाय तपासून बघता येईल असं एक भाकीत हाती येतं: होनोराच्या वडिलांचं नाव फ्लॉरेन्स असलं पाहिजे.

फ्लॉरेन्स मुलगी असेल तर मात्र चित्र विस्कटतं. मुलगे जॉन आणि डॅनियल, मुली मार्गारेट, फ्लॉरेन्स, एलन. दुसरी मुलगी वडिलांच्या आईच्या नावाची असायला हवी, पण १८१०-२० च्या सुमाराला जन्मलेली कॉर्कची कॅथलिक बाई फ्लॉरेन्स नावाची? मला आजवर भेटलेली नाही. तिसरी मुलगी आईच्या नावाची हवी, म्हणजे होनोरा, आहे एलन. थोडक्यात क्रमच मोडला, आणि मग टिमथी-मार्गारेटवाला डॅनियलही शर्यतीत परत येतो. काही घरांत पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव देत असत, ते तिथे लागू पडेल.

आणि ही दुसरी शक्यता उडवून लावता येत नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ पासून पुढे, फ्लॉरेन्स नाइटिंगेलमुळे मुलींची नावं फ्लॉरेन्स ठेवायची लाटच आली होती, आणि लष्करी छावणीत तर तिचं नाव घरोघरी. १८७६ ची खडकी म्हणजे या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र नांदत होत्या अशी जागा. नुसत्या नावावरून मी पैज लावणार नाही. प्रार्थनापुस्तकात नुसतं ‘फ्लॉरेन्स’ आहे, मुलगा-मुलगी लिहिलेलं नाही, असं तुम्हीच म्हणताय. बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीत ते बहुधा असतं. लॅटिनमध्ये असेल तर मुलासाठी फिलियस, मुलीसाठी फिलिया. शेवटच्या एक-दोन अक्षरांचा फरक, तोही जुन्या शाईत. फोटो मोठा करून बघा, कुणी केलेल्या सूचीवर विसंबू नका. सूची करणारा बहुधा आयरिश नसतो आणि फ्लॉरेन्स दिसलं की डोळे झाकून स्त्री लिहून मोकळा होतो.

नावांच्या या वेशांतराने मी स्वतः चांगलीच फसले आहे. सुरुवातीच्या वर्षांत केरीच्या एका कुटुंबात मी जेरेमाया आणि डार्बी असे दोन भाऊ मांडले. दोघांच्या नावापुढे वेगवेगळी मुलं, दोन फांद्या, सगळं नेटकं. तीन आठवड्यांनी लक्षात आलं, की दोघांच्या बायकोचं माहेरचं नाव एकच आहे आणि एकाची मुलं जिथे थांबतात तिथून दुसऱ्याची सुरू होतात. आयरिश डिअरमुड हे नाव एका पाद्र्याने जेरेमाया लिहिलं, त्याच्यानंतर आलेल्याने डार्बी. माणूस एकच. तोवर मी चौथ्या मुलाला पहिला धरून भलत्याच आजोबांपर्यंत पोचले होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक कागद चिकटवलेला आहे: टिमथी, थेडी, थॅडियस म्हणजे टायग, कॉर्नेलियस म्हणजे कॉनर, कॉन, यूजीन म्हणजे ओवेन, ब्रिजेट म्हणजे बिडी, डीलिया, होनोरा म्हणजे नोरा, हॅनोरा, नॅनो. तुम्ही दुसऱ्या एका ठिकाणी ‘डॅनियलची दुसरी बायको नोरा’ असं लिहिलंय. ती दुसरी नाही, होनोराच आहे, असा माझा अंदाज. दोन्ही नोंदींच्या तारखा एकदा शेजारी ठेवून बघा.

मग पुढे काय करायचं? सगळ्यात आधी १८६७ चं लग्न शोधा. होनोराच्या वडिलांचं नाव तिथेच मिळायची शक्यता आहे. ते कुठे झालं हे माहीत नाही, म्हणून दोन ठिकाणी बघावं लागेल. आयर्लंडमध्ये झालं असेल तर तुमचं नशीब जोरावर. कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद १८६४ पासून आहे, तिची छायाचित्रं आयर्लंड सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि तिच्यात नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं असतात. आयांची नसतात, त्या काळच्या सरकारला त्या लागत नव्हत्या. भारतात झालं असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात बघा. तिथे मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाची मालिका एन/३ आहे, बंगालची एन/१, मद्रासची एन/२. कॅथलिक नोंदी अँग्लिकन नोंदींइतक्या नेमाने तिथे पोचलेल्या नाहीत. तिथे नाही मिळालं म्हणजे नोंदच नाही असं समजू नका. मूळ चर्चमध्ये विनंती करा. तुम्ही पुण्यातच आहात, ही माझ्या इथल्या अशिलांना न मिळणारी सोय. लग्नाच्या नोंदीत वधूचा पिता ‘फ्लॉरेन्स’ दिसला, तर फ्लॉरेन्स मुलगा होता याला फार मोठा आधार मिळेल आणि जॉन-एलनचं पारडं चांगलंच जड होईल.

दुसरा कागद डॅनियलचा. फौजेतून सुटका झालेल्या शिपायांचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, डब्ल्यूओ ९७ या मालिकेत. त्यात जन्माचं पॅरिश, जवळचं शहर आणि परगणा लिहिलेला असतो. तुमचे दोन डॅनियल शेजारच्या दोन पॅरिशमधले आहेत, म्हणजे हा एक कागद नावांच्या सगळ्या गणितापेक्षा भारी पडेल. मी नावांचा नियम वापरते तो मुख्यतः असा कागद हरवला असेल तेव्हा, किंवा दोन उमेदवारांपैकी आधी कुणाच्या मागे लागायचं हे ठरवण्यासाठी.

आणि हे दोन्ही हाती लागले नाहीत तर? मग मागे जायचं सोडून आडवं जा. डॅनियलचे भाऊ गावातच राहिले असतील. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत त्यांची घरं बघा, १८६४ नंतरचे त्यांच्या मुलांचे जन्म बघा. जॉन-एलनच्या प्रत्येक मुलाने आपल्या पहिल्या मुलाचं नाव जॉन आणि दुसऱ्या मुलीचं एलन ठेवलं असेल, तर त्या घरात नियम कडक होता, हे कळतं. नियम त्या घराला लागू आहे की नाही हे आजी-आजोबा माहीत असलेल्या पिढीवर तपासायचं आणि मगच माहीत नसलेल्या पिढीवर वापरायचं. बहुतेक लोक हे उलटं करतात. १९११ च्या तक्त्यात विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि किती हयात आहेत, हे विचारलेलं आहे. नऊ जन्मली, सहा हयात असं दिसलं, की तीन नावं शोधायची बाकी. फक्त वयांवर विश्वास ठेवू नका. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागलं, आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येक आयरिश माणसं पंधरा वर्षांनी म्हातारी झाली.

पॅरिशच्या रजिस्टरात आणखी एक गोष्ट बघा. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आणि गॉडफादर-गॉडमदरची नावं असतात. हे दोघे बहुतेकदा सख्खे काका-मामा-मावश्या असतात. पहिल्या मुलाची नोंद सापडत नसेल तर आईच्या माहेरच्या पॅरिशमध्ये शोधा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिथेही होती. आमच्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग त्यात नवल काय? खडकीच्या नोंदींत मात्र गॉडफादर म्हणजे बापाच्या तुकडीतला कुणी गडी असायचा, त्याला नातलग समजू नका.

जमिनीच्या नोंदीही एकदा चाळा. ग्रिफिथची मोजणी १८४७ ते १८६४ दरम्यान झाली, आणि तिच्यात टाउनलँडनिहाय, म्हणजे आपल्या वाडी-शिवारासारख्या छोट्या तुकड्यांनुसार, कसणाऱ्यांची नावं आहेत. एका टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तीन जॉन असले, की मोजणीदार कंसात बापाचं नाव टाकायचा किंवा ‘तांबडा’, ‘गोरा’ असं काही. ते बोलण्यातलंच लिहून घ्यायचे: डॅन टिम फ्लॉर म्हणजे फ्लॉरच्या टिमचा डॅन. आपलं मधलं नाव कागदावर असतं, त्यांचं तोंडात होतं. तुमच्या दोन पॅरिशमध्ये ‘जॉन’पुढे कंसात काय आहे ते मी अजून बघितलेलं नाही, वेळ मिळाला की बघते.

तोवर वंशावळीचं झाड डॅनियलच्या वडिलांपाशी, म्हणजे जॉनपाशी थांबवा, खोडू नका, पेन्सिलने ठेवा. फ्लॉरेन्सच्या ओळीचा फोटो मिळाला तर अख्ख्या पानाचा काढा, नुसत्या ओळीचा नको. त्याच पाद्र्याने आजूबाजूच्या बाळांसाठी फिलियस आणि फिलिया कसं लिहिलंय ते शेजारी बघता आलं, तर शेवटचं अक्षर वाचताना चूक होणार नाही.